होंडाच्या वाट्याचं तेल

गुणवंतरावांना 'ठाऊक नाही' हे दोन शब्द कधी बोलताच आले नाहीत. सिंदेवाहीपासून मूल गावापर्यंतच्या पट्ट्यात बैलाची जोडी घ्यायची झाली की माणसं आधी त्यांना गाठत, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारा बैल त्यांनी नुसता दम ऐकून निवडावा आणि माघात त्याच बैलाने पट मारावा, असं बरेचदा घडलेलं होतं. पण माणसाचं एकदा नाव झालं की पंचाईत होते. लोक विचारतात म्हणून बोलावं लागतं. गुणवंतराव विहिरीच्या जागेवर बोलू लागले, दुसऱ्यांच्या जावयांवर बोलू लागले, आणि एकदा तर सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात जाऊन तिथलं धान दाताखाली चावून त्यावरही मत देऊन आले. तिथल्या साहेबाने हसून चहा पाजला. तेव्हापासून तर सोयच राहिली नाही.

त्यांची बायको रुखमाबाई म्हणायची, "तुमच्या तोंडाले वेसन कोनी घातली नाई, हेच चुकलं."

पण या तोंडानेच कमळीचं लग्न जुळवलं होतं. म्हणजे जुळत आणलं होतं. मूलच्या पलीकडच्या गावचे भैयाजी म्हणजे मोठी असामी. धानाची गिरणी, जीपगाडी, बांबूचे ठेके. त्यांच्या धाकट्या मुलासाठी, देवरावसाठी, ते कमळीला बघायला आले आणि पोरीपेक्षा जास्त वेळ बापाशीच बोलत बसले. उठताना म्हणाले, "ज्याची बैलाची पारख पक्की, त्याची लेक आपन डोये झाकून करतो." गुणवंतरावांची छाती वीतभर फुगली. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

भैयाजी दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "भाऊ, माह्याकडं दोन जुन्या गाड्या हायेत. फटफट्या. जपानच्या. एक ठेवाची हाय अन् एक हैदराबादच्या डॉक्टरले द्याची हाय, शब्द देऊन बसलो. पन कोन्ती ठेवाची, ठरूनच नाई राह्यलं."

आणि गुणवंतरावांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "त्यात का हाय जी? बैल का अन् गाडी का, दम आयकला का समजते."

भैयाजींचे डोळे चमकले. "मंग पटाले या आमच्या गावी. डॉक्टरबी येऊन राह्यले. तुमी सांगसान ते ठेवतो. अन् त्याच दिवशी साक्षगंधाची तारीक धरू."

साक्षगंध म्हणजे इकडे लग्नाची गाठ अर्धी बांधल्यासारखंच. आता बघा कसं झालं. पोरीचं लग्न बापाच्या पारखीवर ठरलं, आणि पारख टांगली दोन फटफट्यांवर. गुणवंतरावांनी जन्मात सायकलसुद्धा नीट चालवली नव्हती.

पटाच्या आदल्या दिवशी निघताना रुखमाबाईने पिशवी हातात दिली, पण पिशवी सोडली नाही. तिला दुसरीच काळजी होती. "त्याईची मोठी सून वडशाच्या सावकाराची हाय. जीपभर सामान घेऊन आली म्हनते. आपली जाईल एका पेटीवर. एका दावनीले दोन सुना, एकीले तूप अन् एकीले ताक, असं तं नाई होनार ना जी? तुमी एवढे पारखी, तं थोडं ते पाहून येजा."

गुणवंतराव म्हणाले, "तू काऊन घाबरतेस?" पण एसटीत बसल्यावर मूल येईपर्यंत ते 'तूप अन् ताक' काही डोक्यातून गेलं नाही. फटफट्यांची भीती तर होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजींनी त्यांना गिरणीमागच्या पडवीत नेलं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर आले होते, जाताना गाड्या इथेच टाकून गेले. बरीच वर्षं त्या एका गोदामात बारदानाखाली पडून होत्या. भैयाजींनी त्या आणल्या आणि देवरावने दोन वर्षं खपून चालत्या केल्या. एक काळी, अंगाने दांडगी, ती होंडा. दुसरी लाल, सडपातळ, पोटाला बारीक, ती यामाहा.

गुणवंतरावांनी सवयीने दोन्हींच्या भोवती फेरी मारली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. भोवरा कुठे बघावा ते कळेना. दात तर नव्हतेच. शेवटी त्यांनी काळीच्या सीटवर थाप मारली आणि गंभीर चेहरा करून "हं" म्हणाले. त्या एका "हं" वर भैयाजी खूश होऊन पटाच्या मैदानाकडे निघून गेले.

देवराव मागे राहिला. पंचविशीतला पोरगा, अंगात बनियन, हाताला काळं लागलेलं. बोलायला कमी. गुणवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, त्यांचं सगळं लक्ष गाड्यांकडे. त्याने दोन्हींच्या टाकीत पेट्रोल ओतलं. मग तेलाचा डबा उचलला, लाल गाडीच्या कुशीतलं एक बूच काढलं, आणि तिच्या पोटात मस्तपैकी घट्ट, सोनेरी तेल सोडलं. काळीकडे तो डबा नेलाच नाही. डबा भिंतीशी ठेवून तो म्हणाला, "मामाजी, मी डॉक्टर साहेबाले घेऊन येतो. तुमी बसा." आणि जीप घेऊन निघून गेला.

गुणवंतराव डब्याकडे बघत राहिले.

पटाचा बैल ज्याने पाळला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. जोडीतल्या दोघांना आंबोण सारखं. एकाला अंडी तर दुसऱ्यालाही अंडी. एकाला नाळीतून तूप पाजलं आणि दुसऱ्याला नुसतं पाणी दाखवलं, तर तो बैल जोखडात मान घालतो पण मनाने पळत नाही, आणि पाजणाऱ्याला त्याचा तळतळाट लागतो. हे गुणवंतराव बापाकडून शिकले होते आणि पोटच्या पोरीच्या ताटातही त्यांनी कधी दुजाभाव केला नव्हता. आणि इथे एकाच छपराखाली, एकाच दावणीला, एकीला तेल आणि एकीला नाही! रुखमाबाईचं बोलणं त्यांच्या कानात वाजलं. 'हेच ते,' त्यांना वाटलं, 'या घरची रीतच ही दिसते.' काळी बिचारी मुकाट उभी होती.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पडवीत कोणी नव्हतं. डबा उचलला. काळीच्या कुशीत बूच शोधलं, सापडलं नाही. मग जिथून पेट्रोल घातलं होतं तेच झाकण उघडलं आणि हात आखडता न घेता ओतलं. निम्मा डबा रिकामा झाला. "घे बाई," ते पुटपुटले, "तुयाबी वाट्याचं घे." थोडं तेल धोतराच्या सोग्यावर सांडलं, ते त्यांनी मुठीत चुरगळून घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

हैदराबादचे डॉक्टर दातांचे होते. भैयाजींची कवळी त्यांनीच बसवलेली, तिथूनच दोस्ती. पांढरे केस, गळ्यात रुमाल, आणि जुन्या गाड्यांचं असं वेड की घरात बायकोला पाय ठेवायला जागा नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी गाड्या पाहिल्या आणि आरतीला उभं राहावं तसे हात जोडले.

"ये देखो," ते गुणवंतरावांनाच सांगू लागले, कारण पारखी म्हणून ओळख करून दिलेली, "होंडा तीन सौ पाँच सीसी है. फोर स्ट्रोक. बटन दबाओ तो चालू. और किक देखो, आगे को मारते इसकी."

ही किक मागे नाही, पुढे मारतात हे ऐकून गुणवंतरावांनी एक पाऊल मागे घेतलं. पुढे लाथ मारणारं जनावर त्यांनी पाहिलं नव्हतं.

"और ये यामाहा, ढाई सौ. टू स्ट्रोक. हलकी है, भागती बहुत. संग्रह वाले लोगाँ में झगड़े होते इस पे. कोई बोलते होंडा का इंजन घड़ी जैसा, सौ साल चलेगा. कोई बोलते यामाहा जैसी मस्ती किसी में नहीं." डॉक्टरांनी दोन्ही गाड्यांचे आरसे, दिवे, हत्यारांची पेटी, रंगाखालचा रंग, सगळं बोटाने चाचपून पाहिलं. "दोनों असली है. एक भी पुर्जा बाहर का नहीं. मैं क्या बोलूँ, मुझे तो दोनों चलेंगे. आप बोलो, आपका तजुर्बा क्या बोलता?"

सगळे गुणवंतरावांच्या तोंडाकडे बघू लागले. ते म्हणाले, "पयले दम तं आयकू द्या."

पटाच्या मैदानावर माणसांचा मेळा जमला होता. छकडे-खाचरं, जीपा, भज्यांची दुकानं, झाडांखाली बांधलेल्या बैलजोड्या. पहिली जोडी सुटायला अवकाश होता, म्हणून भैयाजींनी धावपट्टी मोकळी करवून घेतली. जपानच्या गाड्या पळणार म्हणताच अख्खं गाव दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभं राहिलं. इथल्या लोकांना कोणीही पळो, बघायला आवडतं.

यामाहावर डॉक्टर स्वतः बसले. निळसर धूर सोडत, टणाटणा आवाज करत लाल गाडी अशी सुटली की दोन्ही बाजूंच्या बैलांनी कान टवकारले. डॉक्टर शेवटाला जाऊन वळले आणि चेहऱ्यावर वय विसरलेलं हसू घेऊन परत आले. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग काळी. देवरावने बटण दाबलं. गाडी खोकली. पुन्हा दाबलं. पुन्हा खोकली. त्याने पुढे किक मारली, आणि एकदाची ती चालू झाली. पण मागून जो धूर निघाला तो धूर नव्हे, ढगच. पांढराफटक. अर्धी माणसं त्यात गडप झाली, बाया पदर नाकाला लावून मागे सरल्या. देवरावने तशीच गाडी पुढे काढली. मैदानाच्या मध्यापर्यंत ती फटफट, फुस्स करत गेली, एकदा जोरात फटाका वाजला, आणि बंद पडली. चैतू नावाचा एक धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारा, मोठ्याने ओरडला, "अरे, भट्टी लावली का रे!" लोक खदखदून हसले.

गुणवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. गाड्यांतलं काही कळत नसलं तरी एवढं कळलं की आपण पाजलेलं तेल तिला बाधलं. जपानवरून आलेली, दुसरी मिळणार नाही अशी वस्तू, ती आपण मारली. आता भैयाजी काय करतील? पारख गेली, नाव गेलं, ते जाऊ द्या. कमळीचं काय? घरी ती हळदीच्या साडीचा रंग ठरवून बसली होती. तिला जाऊन काय सांगायचं, की तुझ्या बापाने फटफटीला तूप पाजलं म्हणून सोयरीक मोडली?

मैदानाच्या मध्ये देवराव गाडीवरून उतरला. त्याने गाडीला लाथ मारली नाही, शिवी दिली नाही. टाकीवर हात ठेवला, कान लावला, आणि एकटाच ती दांडगी गाडी ढकलत मोहाच्या झाडाखाली सावलीत घेऊन आला. लोक हसत होते, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

भैयाजी तणतणत आले. चार गावच्या लोकांत, हैदराबादच्या पाहुण्यासमोर फजिती. ते मुलावरच घसरले. "का घातलंस रे तिच्यात? दोन वरसं का झक मारत होतास? एवढ्या लोकाईत नाक कापलंस माहं!"

देवरावने टाकीचं झाकण उघडलं. आत वाकून वास घेतला. बोट बुडवून दोन बोटांत चोळून पाहिलं. मग त्याची नजर हळूच वर आली आणि समोर उभ्या असलेल्या गुणवंतरावांच्या धोतरावर गेली. सोग्यावर तेलाचा हा एवढा डाग होता. क्षणभर दोघांची नजर मिळाली. गुणवंतरावांनी सोगा पुन्हा मुठीत घेतला.

देवरावने झाकण लावून टाकलं. "माह्याच हातून झालं असंल, बाबा," तो म्हणाला. "सकाळी घाईत होतो. चुकून तेल पडलं पेट्रोलात."

"चुकून? असं चुकून पडते?" भैयाजींचा आवाज चढला. पोरगा खाली मान घालून पान्ह्याने काहीतरी खोलत बसला.

आता इथे गुणवंतराव गप्प बसले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. नाव राहिलं असतं, सोयरीक राहिली असती. सगळं अगदी अलगद हातात येऊन पडलं होतं. पण बाप पोराला बोलत होता आणि पोरगा ऐकून घेत होता, आणि ते बोलणं गुणवंतरावांना चाबकासारखं लागत होतं. बोलण्यात त्यांनी आयुष्यात खूप चुका केल्या होत्या. या वेळी गप्प बसणं ही चूक झाली असती.

"भाऊ, त्याले नोका बोलू," ते पुढे होऊन म्हणाले. "तेल म्या टाकलं."

भैयाजी वळले. "तुमी? काऊन?"

"लालीले पाजलं अन् काळीले नाई पाजलं. मले पाह्यल्या नाई गेलं. एका दावनीले दोन, अन् एकाले तूप, एकाले ताक... म्हनून म्या ओतलं." आता सुरू झालंच होतं, मग सगळंच बाहेर पडलं. "मले गाडीतलं काई नाई समजत, भाऊ. उगाच फुशारकी मारली. मनात भेव होतं लेकीचं. तुमच्या घरी मोठ्या घरची सून हाय. माही पोरगी एका पेटीवर येईन. तिच्याबी वाट्याले बरोबर येईन का नाई, हेच डोक्यात फिरत होतं. गाडी मेली असंल तं... सोयरीक मोडली तरी मी काई म्हननार नाई."

भैयाजींचा चेहरा काही सांगत नव्हता, आणि गुणवंतरावांना वाटलं, झालं, घोडं बुडालं.

तेवढ्यात डॉक्टर फसकन हसले. रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "अरे मरी नहीं जी, मरी नहीं! कुछ नहीं होता. टू स्ट्रोक को तेल लगता, इसको नहीं लगता, इतना ही. टाकी खाली करो, प्लग साफ करो, ताजा पेट्रोल डालो. पेट खराब है, बस. हमारे यहाँ पढ़े-लिखे लोगाँ करते ये गलती."

देवरावने तोपर्यंत नळी लावून टाकी रिकामी करायला घेतलीच होती. जुन्या पॉलिश कागदाने त्याने दोन्ही प्लग घासले, फुंकर मारली, पुन्हा बसवले, यामाहाच्या टाकीतलं थोडं पेट्रोल हिच्यात घातलं. किक मारली. गाडीने दोन-तीन वेळा पांढरं ओकलं, मग धूर पातळ झाला, मग अगदीच दिसेनासा झाला, आणि काळीचा आवाज असा एकसारखा, खोल, गुबगुबीत लागला की मघाशी हसणारा चैतू धुरकरीच म्हणाला, "वा रे बहादूर!"

गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांना एकदम खाली बसावंसं वाटलं, म्हणून ते मोहाच्या मुळीवर बसलेच.

डॉक्टर काळीवर बसून एक चक्कर मारून आले आणि उतरायचं नावच घेईनात. "भैयाजी, मेरा तो हो गया फैसला. इतना तेल पी के भी जो दौड़ी, वही दे दो मुझे."

भैयाजींनी असा सुस्कारा सोडला की त्यांच्या मनावरचंही ओझं उतरल्याचं सगळ्यांना दिसलं. लालीवर त्यांचा पहिल्यापासून जीव होता, पण दांडगी सोडून बारकी ठेवली तर लोक हसतील म्हणून त्यांना ठरवता येत नव्हतं. "न्या, न्या," ते म्हणाले, "आताच न्या." मग ते गुणवंतरावांशेजारी मुळीवर टेकले.

"म्हंजे," त्यांनी विचारलं, "गाडीतलं तुमाले खरंच काई नाई समजत?"

"नाई समजत."

"मलेबी नाई समजत," भैयाजी हळूच म्हणाले. "मी निसता पुसत राह्यतो." आणि दोघेही पोट धरून हसले.

हसणं ओसरल्यावर भैयाजींचा आवाज बदलला. "तुमी म्हनलं ते बरोबर हाय. मोठ्या घरची सून हाय आमच्या घरी. पन तिले इचारून पाहा, तिची माय आली तं तिलेबी इचारा. ताट सगळ्याईचं सारखंच वाढल्या जाते. तरी तुमाले पाहाचं असंल तं अजून पाहा. घाई नाई."

गुणवंतरावांनी समोर पाहिलं. देवराव हात पुसत होता. हाताचं काळं निघत नव्हतं, तरी तो पुसत होता, आणि त्यांच्याकडे बघायला लाजत होता. आज सकाळपासून त्यांनी दोन फटफट्यांभोवती फेऱ्या मारल्या होत्या, आणि ज्याच्या हातात पोरगी द्यायची त्याच्याकडे एकदासुद्धा धड पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ज्याने दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली, गावाचं हसू गिळलं, आणि गाडीवर राग काढला नाही, तो माणूस समोर उभा होता. याच्या घरात कमळीला काय मिळेल, काय नाही, हा प्रश्न त्यांच्या मनातून कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"पाहून झालं, भाऊ," ते म्हणाले. "तारीक धरा."

भैयाजींनी त्यांचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "चाला मंग, इवाई. जेवन थंड होऊन राह्यलं."

व्याही म्हणून त्यांना कोणी हाक मारायची ही पहिलीच वेळ होती. गुणवंतराव उठले, आणि त्यांना सडकून भूक लागली.